लेकरांना घड्याळ आणि दिवस-महिने कसे शिकवले? (अनुभव धागा)

माझ्या मुलीला पाढे येतात, पण पावणेनऊ म्हटलं की ती घड्याळासमोर गप्प उभी राहते. मराठवाड्यातल्या पालकांनी, शिक्षकांनी, आजी-आजोबांनी आपले अनुभव लिहावेत. तयार तक्ते बाजारात मिळतात. घरात आणि वर्गात खरंच काय उपयोगी पडलं ते वाचायचंय.

जिल्हा परिषद शिक्षक, जालना जिल्हा
दुसरीच्या वर्गात मी सुरुवातीला मिनिटकाटा लावतच नाही. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं घड्याळ आणि एकटा तासकाटा. काटा आठाच्या जरा पुढं गेला की सव्वाआठ, आठ-नऊच्या मधोमध असला की साडेआठ, नऊला टेकत आला की पावणेनऊ. नऊ वाजायच्या आधीच नऊचं नाव का घ्यायचं, ते लेकरांना डोळ्यांनी दिसतं. दीड आणि अडीच मात्र पाठ करून घ्यावे लागतात. "साडेदोन" म्हणणाऱ्या लेकराला रागावू नका, नियम त्याला बरोबर कळलाय.

मिनिटकाटा लावल्यावर पुढची अडचण येते. एका मुलीनं साडेआठ दाखवताना मोठा काटा सहावर नेला, छोटा आठावरच ठेवला. पुठ्ठ्याचे काटे सुटे, तिथं हे खपून जातं. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून मी समोर धरलं आणि मागची कळ तिच्या हाती दिली. ती कळ फिरवत वाकून बघत होती. मोठ्या काट्याचा अर्धा फेरा झाला, तोवर छोटा मधोमध आलेला. "सर, ह्यो बी चालतो की!"

आई, लातूर
2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा मुलगा लहान होता. वॉर्डात टँकर आला की कॅलेंडरवर त्या तारखेला निळी टिकली लावायचो. टिकलीपासून पुढची घरं बोटानं मोजत तो "परवा", "चार दिवसांनी" म्हणायला शिकला.

आजी, बीड जिल्हा
लेक-सून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, नात माझ्याजवळ. फेब्रुवारी, मार्च सांगून तिला उमगत नाही. संक्रांत झाली, शिमगा झाला, आता पाडवा, असं सांगते. सण झाला की ती दारामागं खडूनं रेघ ओढते. आईबाप अमक्या तारखेला येतील असं मात्र मी कधी म्हणत नाही. कारखान्याचा पट्टा कधी पडेल, म्हंजे उसाचं गाळप कधी संपेल, ते आम्हालाच ठाऊक नसतं. खोटी तारीख दिली की लेकरू मोजायचंच सोडतं.

बाबा, नांदेड
रेल्वेच्या तिकिटानं काम केलं. 17:35 मधून 12 वजा करायचे, एवढंच.

आजोबा, परभणी
शेतातल्या मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री. नातवानं विचारलं, "आज्जा, रात्री बारानंतर पाणी द्यायचं म्हंजे आज का उद्या?" मी सांगितलं, घड्याळाची तारीख बाराला पालटते, पंचांगातला वार सूर्योदयाला. मग मोटार चालू-बंद झाल्याची वेळ त्यालाच वहीत लिहायला लावली. रात्री 11:40 ते पहाटे 3:10 किती झाले? उभी वजाबाकी मांडली की लेकरं मिनिटांना शंभराचा हातचा घेतात. म्हणून टप्प्यानं मोजायला शिकवलं: बारापर्यंत 20 मिनिटं, पुढं 3 तास 10 मिनिटं, एकूण साडेतीन तास. एकराला किती वेळ पाणी लागलं, हा हिशेब आता त्याच्याच वहीत असतो.