मदत हवी आहे: पडून असलेल्या बॅटरीमुळे विजेच्या लाइनची क्षमता कशी वाढते?

नमस्कार मंडळी,

मी ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या जिलाँगला राहते. जवळच मूराबूलला 'व्हिक्टोरियन बिग बॅटरी' आहे: 300 मेगावॅट (एका वेळी किती वीज देते), 450 मेगावॅट-तास (एकूण साठा), 2021 च्या अखेरीस सुरू झालेली. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांना तिच्याबद्दल सांगायचंय आणि मीच एका जागी अडलेय.

दिवसा साठवा, रात्री वापरा, हे कळतं. पण नोव्हेंबर ते मार्च हिचे 250 मेगावॅट नुसते राखून ठेवतात आणि म्हणे त्यामुळे शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याकडून तेवढी जास्त वीज आणता येते. नवीन तार न ओढता! शिवाय गरज पडली तर ती अर्धाच तास पुरवायची. मग पुढे काय? कुणी साध्या मराठीत समजावेल का? मुलांपुढे मला तेच शब्द वापरायचेत.

---

ताई, लोड डिस्पॅचमध्ये, म्हणजे कुठल्या लाइनवर किती वीज सोडायची ते ठरवणाऱ्या केंद्रात, बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

समजा शेजारी शेजारी दोन लाइन आहेत, प्रत्येकी 500 मेगावॅटच्या. तरी दोन्हींवर मिळून 500 च सोडतात. एक ट्रिप झाली, म्हणजे बिघाडामुळे आपोआप बंद पडली, तर सगळा भार दुसरीवर येतो आणि तिला तो पेलला पाहिजे. म्हणजे निम्मी क्षमता कायम अडचणीसाठी रिकामी.

आता वीज घेणाऱ्या टोकाला 250 ची बॅटरी ठेवा आणि 750 सोडा. एक लाइन गेली की दुसरीवर क्षणभर 750 येतील. तार तापून लोंबायला काही मिनिटं लागतात, बॅटरी मात्र सेकंदाच्या आत 250 देते. तारेवर राहिले 500. तुमची बॅटरी पडून नाही, पहाऱ्यावर आहे.

त्या अर्ध्या तासात व्हिक्टोरियातली जलविद्युत आणि गॅसच्या केंद्रांची निर्मिती वाढवून लाइनवरचा भार उतरवतात. पुढे बॅटरीची गरजच उरत नाही.

---

दादा, मनापासून आभार! दोन लाइनींचं उदाहरण फळ्यावर काढते. अमेरिकेतल्या नँटकेट बेटावर 2019 मध्ये 6 मेगावॅट, 48 मेगावॅट-तासांची बॅटरी बसवून समुद्राखालून तिसरी केबल टाकणं पुढे ढकललं, असं वाचलं. तेही हेच का?

---

थोडं वेगळं. तिथेही एक केबल गेली तर बॅटरी आधार देते, पण सुट्टीत पर्यटकांमुळे मागणी चढते तेव्हा तिला बराच वेळ वीज पुरवायची असते. म्हणून 6 मेगावॅटला तब्बल आठ तासांचा साठा. मुलांना 48 भागिले 6 करायला लावा.