तोडीआधी ओंडके ओढण्याच्या वाटा आखाव्यात

झाडे निवडून तोडली की जंगलाचे नुकसान आपोआप मर्यादित राहते, असे म्हटले जाते. निवड महत्त्वाची आहेच, परंतु बरीच हानी झाड पडल्यानंतर, ओंडका रस्त्यापर्यंत ओढून नेताना होते. ट्रॅक्टरचालकाला वाट आखून दिलेली नसेल, तर तो प्रत्येक ओंडक्यासाठी नवी वाट काढतो आणि तिच्याखाली कोवळी रोपे चिरडली जातात. जमीन दबते ती मुख्यतः पहिल्या काही फेऱ्यांतच. त्यामुळे एकाच वाटेवरून पुन्हा पुन्हा जाणे हे दहा वाटा पाडण्यापेक्षा कितीतरी बरे.

आम्हां इंदूरकरांना हे दूर जाऊन शोधावे लागत नाही. चोरलच्या बाजूला, विंध्याच्या उतारावर, पावसाळ्यानंतर मी अशी एक जुनी वाट पाहिली: कडेच्या सागांची साल गुडघ्याच्या उंचीपर्यंत सोललेली होती आणि चाकोरीतून धावलेल्या पाण्याने वीतभर खोल घळ पाडली होती. तिथली माती शेवटी ओढ्यांतून नर्मदेकडेच जाते.

म्हणून तोडीपूर्वीच उतार, ओढे आणि खूण केलेली झाडे नकाशावर घेऊन वाटा ठरवाव्यात, झाड शक्यतो वाटेच्या दिशेने तिरपे पाडावे आणि ओढा ओलांडणे टळत नसेल तर तो काटकोनातच ओलांडावा. काम संपताच, पावसाची वाट न पाहता, उतारावरच्या वाटांवर तिरपे मातीचे बांध घालावेत, म्हणजे पाणी चाकोरीतून न धावता बाजूच्या झाडोऱ्यात जिरेल.