४२९४९६७२९७ आणि ६४१

४२९४९६७२९७ (२चा ३२वा घात अधिक १) ही मूळसंख्या आहे असं फ्रेंच गणिती फर्माला वाटत होतं आणि स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये ते खोडून काढलं. पण त्यासाठी ऑयलर 'एकेक मूळसंख्या घेऊन भागत बसला असेल' असं कुणी म्हटलं, तर ते पटत नाही. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४च्या पटीपेक्षा १ने जास्त असावा लागतो, हे त्याने सिद्ध केलं. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकारातच बाकी शून्य! दुसरा अवयव ६७००४१७.

भागाकार न करताही हे दिसतं, आणि मला ते फार सुंदर वाटतं. ६४१ = ५×१२८ + १, शिवाय ६४१ = ६२५ + १६. १२८ म्हणजे २चा ७वा घात, २^७. म्हणजे ६४१ने भागताना ५×२^७ची बाकी −१ (पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), चौथा घात घेतला की ६२५×२^२८ची बाकी १. आता ६२५च्या जागी −१६ ठेवा: −२^३२ची बाकी १. झालं, २^३२ + १ला ६४१ने पूर्ण भाग जातो. कागदावर एकदा करून बघाच.