मदत हवी आहे: सांगली-मिरजेत बेसबॉल बघणारं कुणी आहे का?

मंडळी, मी शिकागो व्हाइट सॉक्सचा फॅन. हसून घ्या आधी. 2024 ला आमच्या पोरांनी 162 पैकी 121 मॅच घालवल्या. 1900 नंतर एका सीझनला एवढं कुणीच हरलं नव्हतं. 1962 च्या न्यूयॉर्क मेट्सचा 120 चा विक्रम होता, तेवढा मात्र मोडला. मध्ये सलग 21 पराभव, ते वेगळेच.

तिकडची संध्याकाळी 7:10 ची मॅच म्हणजे आपल्याकडे पहाटे 5:40. आई दूध तापवता तापवता विचारते, "हरले का रे?" उत्तराची वाट न बघता चहात आलं जास्त किसते. 2005 ला 88 वर्षांनी वर्ल्ड सिरीज (तिकडच्या बेसबॉलची फायनल) जिंकलेली, त्या पुण्याईवर चाललंय सगळं.

तर, सोबतीला कुणी असेल तर सांगा, एकट्याला बघवत नाही. शिवाय विश्रामबागेच्या आसपास मोठ्यांसाठी सॉफ्टबॉलचा सराव कुठे चालतो? मी डावखुरा, म्हणजे ग्लोव्ह उजव्या हातात घालायचा हवा. दुकानात मागितला की विकेटकीपरचे पुढ्यात टाकतात.

'टीम बदल' हा सल्ला नको. तो घरी फुकट मिळतो.