वर्ल्डकॉनला एकटीनं जावं का? (मॉन्ट्रियल 2027)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, वय 58, दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले. लेक-जावई टोरांटोला असतात. 2027 ची वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथावाल्यांचं जागतिक संमेलन, मॉन्ट्रियलला आहे आणि त्या सुमारास मी लेकीकडेच असेन. तिला या विषयाची गोडी नाही, जावयांना सुट्टी मिळणार नाही. गेले तर एकटीच जाणार.

मी विज्ञानकथेकडे वळले ती नारळीकरांमुळे. 1974 साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली, हा किस्सा मी वर्गात कितीतरी वेळा सांगितलाय. 2021 च्या डिसेंबरात आमच्या नाशिकला साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष तेच होते, पण प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. मी दिवसभर मांडवात बसले. विज्ञानकथेवर दोन शब्द बोलायला शेजारीपाजारी कुणी सापडलं नाही. आता तर सरही गेले.

वर्ल्डकॉनही तसंच असतं का? वर मंच, खाली आपण? इंग्रजी भरपूर वाचते, बोलताना मात्र अडखळते. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. कोपऱ्यात बसून परत यायचं असेल तर एवढा खर्च करायला मन धजत नाही. कुणी जाऊन आलंय का?

ठाणेकर_निखिल

काकू, मी मुंबईच्या कॉमिक कॉनला दोनदा गेलोय. तिथे तिकीट काढायचं, स्टॉल बघायचे, कुणी नट आला असेल तर लांबून बघायचा. मजा येते, पण ओळखी होत नाहीत. वर्ल्डकॉनही साधारण तसंच असावं. लेकीला एक दिवस तरी सोबत न्या.

क्लाइडकाठची

निखिल, तसं अजिबात नाही, आणि हा फरक ताईंना नीट कळला पाहिजे म्हणून सविस्तर लिहिते.

कॉमिक कॉन हा धंदा आहे, चांगला धंदा आहे. वर्ल्डकॉनमध्ये कुणालाही पगार नसतो. अध्यक्षापासून दारावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत सगळे फुकट राबतात, आणि वर स्वतःच्या सभासदत्वाचे पैसे भरतात. तिथे सहसा तिकीट म्हणत नाहीत. तुम्ही आधी वर्ल्ड सायन्स फिक्शन सोसायटीच्या सभासद होता, त्यावर हजर राहण्याचे वेगळे पैसे भरता. सभासद झालात की ह्यूगो या विज्ञानकथेच्या मानाच्या पुरस्कारासाठी तुम्हीही कथा-कादंबऱ्या सुचवू शकता, प्रत्येक विभागात पाचपर्यंत. अंतिम यादी लागली की मत देता. 'यांतलं कुणीच नको' असंही मत देता येतं. परीक्षक मंडळ नसतंच. 1953 पासून हा पुरस्कार वाचकच देत आलेत. पुढची वर्ल्डकॉन कुठे भरायची तेही सभासद मतदानानं ठरवतात. कारभाराची सभा असते, तिथे उभं राहून ठराव मांडता येतो, अगदी आपल्या सोसायटीच्या आमसभेसारखा.

आता माझं सांगते. मी मूळची साताऱ्याची, अठरा वर्षं ग्लासगोत. 2019 ला डब्लिनच्या वर्ल्डकॉनला गेले आणि तीन दिवस कुणाशीही न बोलता परत आले. सगळे एकमेकांना वीस-वीस वर्षं ओळखत असल्यासारखे गळ्यात पडत होते. मी पुस्तकं विकत घेतली, व्याख्यानं ऐकली आणि हॉटेलात जाऊन एकटी जेवले. वाईट काही झालं नाही, पण मी तिथे होते असंही वाटलं नाही.

2024 च्या ऑगस्टात वर्ल्डकॉन आमच्याच गावात आली, क्लाइड नदीकाठच्या एसईसी या प्रदर्शन केंद्रात. त्याच जागी 1995 ला आणि 2005 लाही झाली होती. या वेळी मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. काम अगदी साधं होतं. एका छोट्या सभागृहाच्या दाराशी उभं राहायचं, आत किती माणसं गेली ते मोजायचं, भरलं की दार लावायचं. चर्चा संपत आली की मागच्या भिंतीपाशी जाऊन सूत्रसंचालकाला दिसेल असा पुठ्ठा धरायचा: आधी 10, मग 5, मग थांबा. गळ्यातल्या ओळखपत्राखाली स्वयंसेवकाची रंगीत फीत चिकटवून मिळाली. लोक अशा फिती गोळा करतात, एकीखाली एक चिकटवत जातात, शेवटच्या दिवशी काहींच्या गुडघ्यापर्यंत पोचलेल्या असतात. फीत मागायला म्हणून कुणीही येऊन बोलतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या रांगेत एक आजी विणकाम करत बसल्या होत्या. तिथे विणणारी माणसं बरीच असतात, चर्चा ऐकता ऐकता सुया चालू. चर्चा सुरू व्हायला वेळ होता. त्यांनी विचारलं, लहानपणी काय वाचायचीस? मी नारळीकरांचं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. मग म्हटलं, केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलचे विद्यार्थी, दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडला. सुया थांबल्या. "हॉईल? तो तर आमच्या बिंगलीचा!" बाई यॉर्कशायरच्या निघाल्या. हॉईलही विज्ञानकथा लिहायचे, गुरु-शिष्य दोघंही लिहायचे, हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडून 'नारळीकर' हे नाव वहीत लिहून घेतलं, उच्चार तीनदा म्हणून पाहिला. मग त्या सांगायला लागल्या. 3 जानेवारी 1937 ला लीड्समध्ये थिऑसॉफिकल हॉलमध्ये मूठभर पोरं जमली होती, विज्ञानकथेसाठी म्हणून ठरवून भरवलेलं पहिलं संमेलन बहुतेक लोक तेच मानतात, असं त्यांनी मला आपल्या गावच्या जत्रेबद्दल सांगावं तसं सांगितलं. मला पुठ्ठा धरायला जावं लागलं म्हणून गप्पा तुटल्या. पण पुढचे तीन दिवस त्या दिसल्या की हात करायच्या, आणि त्यांच्या टेबलावर माझ्यासाठी खुर्ची असायची.

तेव्हा ताई, माझं स्पष्ट मत: जा, आणि एकट्याच जा, पण नुसत्या ऐकायला जाऊ नका. रोज दोन-तीन तास काम मागून घ्या. हातात काम असलं की अडखळत्या इंग्रजीकडे कुणाचं लक्षही जात नाही.

कानाचं: ऐकायला त्रास असणाऱ्यांसाठी पुढच्या रांगेत जागा राखून ठेवतात, नोंदणी करतानाच कळवा. बोलणाऱ्यानं माइक वापरायलाच हवा, "माझा आवाज मोठा आहे" ही सबब चालत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी जमिनीवर पट्टी चिकटवून जागा आखलेली असते, तिथे कुणाला उभं राहू द्यायचं नाही हेही माझंच काम होतं. आणि जिथे एका लेखकाभोवती आठ-दहाच माणसं बसतात अशा बैठका असतात, त्यांना नाव आधी नोंदवावं लागतं. तुम्हाला तिथे ऐकू नीट येईल, त्या चुकवू नका.

सिॲटलवासी

2025 ची वर्ल्डकॉन आमच्याकडे झाली तेव्हा मी गेलो होतो. वरचं सगळं पटतं, पण दुसरी बाजूही सांगतो. खर्च मोठा आहे, आणि तारीख जवळ येते तसं सभासदत्व महाग होत जातं, त्यामुळे ठरवायचं तर लवकर ठरवा. व्हिसाचा अर्जही लवकर करा. माझ्या ओळखीच्या एका लेखकाचा व्हिसा वेळेत आला नाही, पाच चर्चांमध्ये त्याचं नाव छापलेलं आणि खुर्ची रिकामी. आपल्याकडच्या लोकांना हे फार सोसावं लागतं आणि त्याची खंत तिथल्यांनाही असते.

या जगात भांडणंही होतात. न्यूयॉर्कला 1939 ला पहिली वर्ल्डकॉन भरली तेव्हा दोनेकशे माणसं होती, तरी आयोजकांनी विरोधी गटातल्या सहा जणांना दारावरच अडवलं. त्यांत पुढे मोठा विज्ञानकथालेखक झालेला फ्रेडरिक पोल होता. त्याच गटातला एकोणीस वर्षांचा आयझॅक असिमॉव्ह मात्र आत गेला. 1972 ला पोल सन्माननीय पाहुणा म्हणून त्याच वर्ल्डकॉनच्या मंचावर होता. इतकी वर्षं तो या लोकांना सोडून गेला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

गोदाकाठ

क्लाइडकाठची, तुमचा आजींचा प्रसंग लेकीला वाचून दाखवला. दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. सर असते तर त्यांना ही गोष्ट कळवली असती.

अजून एक विचारते. तिथे वेशभूषा करून यावंच लागतं का? मी शिवणकाम करते, घरी मशीन आहे, शाळेच्या गॅदरिंगचे कपडे मीच शिवायचे. पण या वयात मुखवटे घालून फिरायचं म्हणजे...

टाका_दोरा

सक्ती मुळीच नाही. बहुतेक लोक साध्या कपड्यांत असतात. पण शिवणकाम येत असेल तर मास्करेड चुकवू नका. तो एका संध्याकाळचा रंगमंचावरचा कार्यक्रम असतो, नवखे आणि मुरलेले यांचे गट वेगळे. हवं असेल तर परीक्षक आधी पडद्यामागे येऊन कपडा उलटा करून बघतात: शिलाई, अस्तर, काजं. बाहेरून चकचकीत आणि आतून दोरे लोंबतायत असं असलं की लगेच कळतं. गॅदरिंगचे कपडे एका रात्रीत शिवणाऱ्या बाईच्या हाताची तिथे कदर होईल.

वयाचं मनातून काढा. आणि ही प्रथा सुरू केली ती एका शिवणाऱ्या बाईनंच. 1939 च्या त्या पहिल्या वर्ल्डकॉनला दोनच माणसं भविष्यातले कपडे घालून आली होती, फॉरेस्ट अकरमन आणि मर्टल डग्लस. दोन्ही पोशाख मर्टलनं शिवले होते. बरीच वर्षं नाव अकरमनचंच घेतलं जायचं. मी जिथे जाते तिथे मर्टलचं नाव सांगते.

गोदाकाठ

ठरलं. लेकीनं आत्ताच माझ्या नावानं सभासदत्व काढलं, व्हिसाचं जावई बघतायत. पहिल्या खेपेला मास्करेड प्रेक्षकांत बसून बघेन, पण शक्य झालं तर पडद्यामागे सुई-दोरा घेऊन मदतीला जाईन. क्लाइडकाठची, दारावरचं काम मला आवडेल, पण गुडघ्यांमुळे तास-तास उभं राहवत नाही. बसून करायचं काही असतं का?

क्लाइडकाठची

असतं की! नोंदणीच्या टेबलावर ओळखपत्रं द्यायचं काम बसूनच. येणारा प्रत्येक माणूस आधी तिथेच येतो. अर्जात 'बसून करायचं काम' असं लिहा आणि डाव्या कानाचंही लिहा, म्हणजे तुम्हाला टेबलाच्या डाव्या टोकाला बसवतील आणि सगळे उजवीकडून बोलतील. पडद्यामागे सुई-दोरेवाल्यांचंही टेबल असतं, ऐन वेळी उसवतंच कुणाचं तरी. सेफ्टी पिना नाशिकहून न्या, आपल्या मोठ्या पितळी. तिथल्या वाकतात.