मदत हवी आहे: कासच्या बारक्या फुलांसाठी पहिला कॅमेरा कोणता घेऊ?

नमस्कार. मी साताऱ्यात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. आजवर मोबाइलशिवाय कशानेच फोटो काढलेला नाही, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक वाटला तर समजून घ्या.

गेली तीन वर्षं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जमेल त्या सुट्टीला सकाळी लवकर स्कूटरवरून यवतेश्वरचा घाट चढून कासला जाते. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कासचं नाव जागतिक वारशात गेलं. लांबून गाड्या भरभरून लोक येतात, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी ते पठार पाहिलेलं नाही. मला त्यांच्यासाठी वर्गाच्या भिंतीवर लावायला ए-थ्री आकाराचे फोटो करायचे आहेत. फुलांनी भरलेल्या मैदानाचे नकोत, ते मोबाइलवर बरे येतात. मला एकेक फूल हवंय. सीतेची आसवं पोरांना दिसतात जांभळी, नाजूक, पण ती वनस्पती जमिनीखालच्या बारक्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून खाते हे सांगितलं की डोळे मोठे होतात. दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट मला असं दाखवायचंय, की शेवटच्या बाकावरूनही दिसेल.

मोबाइलचा घोळ असा की तो फुलाऐवजी मागच्या गवतावर फोकस करतो. त्यातला मॅक्रो २ मेगापिक्सेलचा, मोठा केला की सगळं पुसट.

बजेट ४० हजार, त्यापुढे खरंच जमणार नाही. पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी माझं पूर्ण ऐकायच्या आतच व्हिडिओचा कॅमेरा पुढे केला. त्याला डोळा लावून बघायची खिडकीच नव्हती. भर उन्हात पठारावर स्क्रीन दिसणार कशी? मामा म्हणतात, ओळखीतला सेकंडहँड कॅनन १५०० डी घे, २२ हजारांत देतायत. दुसऱ्या एकांकडे कॅननचाच २०० डी मार्क टू आहे, १८-५५ मिमीच्या झूम लेन्ससकट ३३ हजार सांगतात. शिवाय सगळे म्हणतात ५० मिमीची लेन्स घ्या, फुलांमागे छान धूसर येतं. काय करू?

प्रतिसाद १

ताई, मी कराडचा, फुलं आणि किडे हाच माझाही नाद. तुमचं काम वाचून बरं वाटलं.

१५०० डी वाईट नाही, पण त्याची स्क्रीन पक्की बसवलेली आहे. ही फुलं घोट्याएवढ्या उंचीची. पठारावर आत पाय टाकायचा नाही, पायवाटेवरूनच घ्यायचं, म्हणजे दर फोटोला चिखलात गाल टेकवावा लागेल. २०० डी मार्क टूची स्क्रीन बाहेर वळते, कॅमेरा जमिनीला टेकवून वरून बघता येतं. खिडकीही आहे. तुमच्या कामाला मी डोळे झाकून तोच म्हणेन. मेगापिक्सेलची काळजी सोडा, दोन्हींत २४ आहेत, ए-थ्रीला भरपूर.

५० मिमी आत्ता घेऊ नका. ती ३५ सेंमीपेक्षा जवळच्या वस्तूवर फोकस करत नाही, त्यामुळे फ्रेममध्ये साधारण १० सेंमी रुंद जागा येते. सेंटीमीटरभराचं फूल त्यात हरवतं. सोबतच्या १८-५५ ने झूम ५५ वर नेऊन साधारण ९ सेंमी, म्हणजे तिथेही तीच गत. उरलेल्या पैशांतून कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. आत काच नसते, नुसती पोकळ नळी. २० मिमीची लावली की फ्रेम साडेतीन-चार सेंमीवर येते. फक्त विजेचे कॉन्टॅक्ट असलेलीच घ्या, नाहीतर अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र, बदलता येणार नाही. ते बारीक, एफ ८ ते ११ ठेवा, वारा थांबायची वाट बघा. यातला अर्धा वेळ वाट बघण्यातच जातो.

प्रतिसाद २

डीएसएलआरचे, म्हणजे आत आरसा असलेल्या या कॅमेऱ्यांचे दिवस सरलेत, बिनआरशाचा मिररलेस घ्या असं मी म्हणणार होतो. पण कॅननचा नवा मिररलेस आर १०० बघितला तर त्याचीही स्क्रीन वळत नाही, टचही नाही. आर ५० बजेटबाहेर जाईल. तेव्हा २०० डीच घ्या. पुढे मिररलेसवर गेलात तर याच लेन्स अडॅप्टरने चालतात.

फक्त बुरशी तपासा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्समध्ये ती हमखास धरते. घेतल्यावरही हवाबंद डब्यात सिलिका जेल घालूनच ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. फ्रेम किती सेंटीमीटरची, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. घरी पट्टी धरून ४ सेंमीचा चौकोन कापला आणि त्यात तेरड्याचं फूल ठेवून पाहिलं, जवळजवळ भरला. रविवारी २०० डी बघायला जातेय. बुरशी नेमकी कशी ओळखायची? टॉर्च पुढून मारायचा की मागून?

प्रतिसाद १

मागून. लेन्स काढा, दोन्ही टोप्या काढा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि पुढून बघा. कॅननची ही लेन्स सुटी असताना तिचं अॅपर्चर उघडंच असतं, आरपार दिसेल. धुळीचे दोनचार कण असले तर चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स तिथेच ठेवून नुसत्या बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवाय कॅमेऱ्याचा भाव विचारा.