मदत हवी आहे : एसीत नुसता गॅस टॉप-अप करून घ्यावा का?

नमस्कार मंडळी. नागपूरला आईच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे, आर-३२ गॅसचा. मागच्या उन्हाळ्यात गॅस भरला, आता पुन्हा थंड करत नाही. बाहेरच्या युनिटला बारीक पाइप जोडलाय तिथे बर्फ धरतो, आणि त्याच नटाखाली तेलकट डाग आहे, धूळ चिकटून काळा झालेला. मला लीक तिथेच वाटतोय.

मेकॅनिक म्हणतो, "गेज लावून टॉप-अप मारतो, झालं काम." पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही ना! कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेलाच. आधी नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, फ्लेअर (पाइपचं नटात बसणारं पसरट तोंड) नवीन, मग व्हॅक्यूम (पंपाने पाइपमधली हवा आणि ओल ओढून काढणं), आणि शेवटी युनिटच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून, असंच हवं ना? इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर वेग बदलत राहतो, मग नुसत्या प्रेशरवरून अंदाज कसा लागणार?

व्हॅक्यूम पंप बंद केल्यावर गेजचा काटा किती वेळ स्थिर राहिला म्हणजे लीक नाही असं समजायचं? आणि नागपुरात वजनकाटा, व्हॅक्यूम पंप घेऊन येणारा खात्रीचा माणूस कोणाच्या ओळखीत असेल तर कृपया कळवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आईला उकाडा अजिबात सोसत नाही.